एक नंबरची पिन

माझ्या टेबलाच्या खणात एक कनेक्टर पडलेला असतो. अंगठ्याएवढा. काळं प्लॅस्टिकचं अंग, पुढे गोल खडबडीत नट आणि तोंडाशी चार बारीक छिद्रं. तीन छिद्रांत अजून सोनेरी चमक दिसते. एक नंबरचं छिद्र मात्र हिरव्या-काळ्या चिखलाने भरलंय, वाळून दगडासारखं झालंय. दिवाळीच्या साफसफाईत आईला तो सापडला. "हे भंगारात टाकू का गं?" असं तिने विचारलं. मी नको म्हटलं. का नको, ते तिला सांगितलं नाही. तेव्हा ते नीट सांगता आलं नसतं.

तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय, त्याच्या चार्जरचं टोक तुम्हाला पाठ असेल. कारखान्यात तसंच एक टोक जिकडेतिकडे असतं, त्याला एम १२ म्हणतात. पुढच्या आट्यांचा व्यास १२ मिलिमीटर, म्हणून एम १२. त्याचा धाकटा भाऊ एम ८. मशीनवर ठिकठिकाणी सेन्सर असतात. लोखंड जवळ आलं की 'आलं' म्हणून सांगायचं, एवढंच त्यांतल्या बहुतेकांचं काम. शॉप फ्लोअरवर त्यांना 'प्रॉक्सी' म्हणतात, वर्गात हजेरी लावायच्या प्रॉक्सीशी त्याचा संबंध नाही. एका बऱ्यापैकी मशीनवर असे तीस-चाळीस प्रॉक्सी सहज असतात, आणि प्रत्येकाच्या शेपटीला एक एम १२. मोबाइलवाल्यांना सगळ्या फोनसाठी एकच टोक ठेवायला लावायला युरोपीय संघाला २०२४ च्या अखेरीपर्यंत कायद्याची वाट बघावी लागली. आमच्याकडे ते आधीपासून आहे. आयईसी ६१०७६-२-१०१ नावाचं एक मानक आहे, त्यामुळे एका कंपनीचा सेन्सर आणि दुसऱ्या कंपनीची केबल बिनतक्रार जुळतात.

या कनेक्टरचे दोन प्रकार. एक मोल्डेड, म्हणजे केबलसकट कारखान्यातून ओतून आलेला. त्यात हात घालायला जागाच नाही. दुसरा जागेवर जोडायचा, आमच्या बोलीत 'हाताचा'. तो सुटा येतो: पुढचं तोंड, मागचं नळकांडं, रबराचं सील, ते सील आवळणारा नट. केबल सोलायची, वायरी चिमुकल्या स्क्रूंखाली आवळायच्या, सगळं एकात एक फिरवून बंद करायचं. एकदा बंद झाला की आत काय केलंय हे बनवणाऱ्यालाच माहीत. हा मजकूर त्या हाताच्या कनेक्टरबद्दल आहे.

डिप्लोमा झाल्यावर मी वाळूजहून भोसरीला आले आणि एका छोट्या कंपनीत लागले. आम्ही गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे एकेक मशीन बनवायचो: ड्रिलिंगचं, प्रेस-फिटिंगचं, तपासणीचं. पॅनलचं ड्रॉइंग काढायला घेतलेल्या मला पहिल्याच आठवड्यात वायरिंगला बसवलं गेलं, कारण माणूस कमी होता. तिथे अण्णा होते. पन्नाशी उलटलेले, आयटीआय केलेले वायरमन. सगळी कंपनी त्यांना अण्णाच म्हणायची. मालकसुद्धा.

पहिल्या दिवशी अण्णांनी मला रंग शिकवले. तपकिरी म्हणजे अधिक २४ व्होल्ट, ती एक नंबरच्या पिनेवर. निळी म्हणजे शून्य, तीन नंबरवर. काळी म्हणजे निरोप, सिग्नल, चार नंबरवर. दोन नंबरला पांढरी, असली तर. मी म्हटलं, सोपं आहे. डेटाशीटवर पिनांचं चित्र होतं, ते समोर ठेवून मी पहिला कनेक्टर बनवला. सेन्सरचा दिवा लागेना. दुसरा बनवला, तोही मेलेला. दीड तास मी सेन्सर बदलत, पुरवठा तपासत बसले. मग अण्णा आले, कनेक्टर उघडला आणि हसले. चित्र होतं समोरून बघितलेल्या तोंडाचं. मी वायरी लावत होते मागून. म्हणजे आरशातलं बघत होते. त्यात आणखी एक गंमत अशी की मेल आणि फिमेलची तोंडंही एकमेकांच्या आरशात असतात. "चित्र बघू नकोस बाळ, आकडा बघ," अण्णा म्हणाले. स्क्रूच्या शेजारी अगदी बारीक अक्षरात १, २, ३, ४ कोरलेले असतात. तेव्हापासून माझ्या खिशात एक छोटं भिंग आहे. चष्मा नसलेल्या पोरीच्या खिशातलं भिंग बघून लोक हसतात.

मेल-फिमेलचाही एक नियम त्यांनीच सांगितला. ज्या बाजूने वीज येते तिथे नेहमी छिद्रं, पिना नाहीत. उघड्या पिनेला चुकून स्क्रू ड्रायव्हर लागला की शॉर्ट. म्हणून सेन्सरला पिना आणि केबलला छिद्रं.

पुढे हळूहळू बाकीचं कळत गेलं. तोंडातली खाच प्रत्येक कामासाठी वेगळी असते, म्हणजे चुकीचा कनेक्टर आत जातच नाही. सेन्सरला ए, प्रोफिबसला बी, १०० मेगाबिटच्या इथरनेटला डी, दहा गिगाबिटला एक्स. हे पाठ करायचं काम आहे, त्यात अक्कल लागत नाही. अक्कल लागते ती वायरीच्या जाडीला. ०.३४ चौरस मिलिमीटरची तार, १० मीटर लांब, जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे साधारण एक ओहम. सेन्सरला काही फरक पडत नाही, तो थेंबभर वीज पितो. पण त्याच केबलवर दोन अँपिअर खाणारा व्हॉल्व्हचा गट लावलात की दोन व्होल्ट वाटेतच संपतात, आणि मग व्हॉल्व्ह कधी उघडतो, कधी रुसतो.

आणि सोल्डर. कॉलेजात मला शिकवलं होतं की तारेचे केस विस्कटू नयेत म्हणून टोकाला सोल्डर मारावं. अण्णांनी माझ्या हातून सोल्डरगन काढून घेतली. सोल्डर मऊ असतं. स्क्रूच्या दाबाखाली ते दिवसेंदिवस थोडं थोडं सरकतं, आणि आज घट्ट बसलेला स्क्रू सहा महिन्यांनी सैल होतो. लग चेपा, किंवा तार नुसती पिळून घाला. सोल्डर नको. "आपण घट्ट केलं म्हणून ते घट्ट राहत नसतं," असं त्यांचं म्हणणं. दाबाखाली काय काय सरकतं ते त्यांनी चाळीस वर्षं बघितलं होतं.

पण अण्णांचा खरा हट्ट होता सीलचा. हाताच्या कनेक्टरच्या मागे रबराचं जे सील असतं ते ठराविक जाडीच्याच केबलला आवळतं. साधारण दोन मापं मिळतात: ४ ते ६ मिलिमीटर आणि ६ ते ८. डब्यावर 'आयपी ६७' छापलेलं असतं. त्यातला सहा म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही, आणि सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी बिघडणार नाही. नवशिक्यांना वाटतं की हा कनेक्टरचा गुण आहे. तसं नाही. केबल त्या मापात असेल, मागचा नट पूर्ण आवळला असेल, आणि पुढचा नट सेन्सरवर नीट, साधारण ०.६ न्यूटन-मीटरने बसला असेल, तरच ते ६७. नाहीतर ते डब्यावरचं छापकाम. शिवाय ती परीक्षा साध्या पाण्याची असते. कूलंटची, तेलाची, दिवसरात्र पडणाऱ्या फवाऱ्याची नसते. त्यासाठी केबलही पीव्हीसीची चालत नाही, पीयूआरची लागते, नाहीतर तेलाने ती कडक होऊन तडकते. म्हणून अण्णा प्रत्येक केबलला आधी व्हर्नियर लावत. पट्टीने नाही, डोळ्याने नाही. व्हर्नियरने. आणि जिथे मोल्डेड बसेल तिथे मोल्डेडच. हाताचा फक्त तिथे, जिथे केबल पत्र्याच्या भोकातून किंवा ड्रॅग चेनमधून ओवायची असते आणि एम १२ चं डोकं जात नाही.

माझ्या दुसऱ्या वर्षी, मार्च महिन्यात, चाकणच्या एका कारखान्यासाठी आम्ही ड्रिलिंगचं मशीन बनवत होतो. ३१ मार्चच्या आत माल गेटबाहेर पडायला हवा होता, बिल त्या वर्षात धरायचं होतं. मशीनच्या आत, कूलंटच्या भागात, १८ कनेक्टर हाताचे होते. २८ तारखेला मी स्टोअरमध्ये गेले तर ४ ते ६ चे कनेक्टर संपलेले. ऑर्डर गेलेली, माल यायला चार दिवस. ६ ते ८ चे मात्र पेटीभर होते. माझी केबल ४.७ मिलिमीटरची. अण्णा गावी गेले होते, यात्रेला.

मी केबलला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली. सात-आठ वेढे. मग सील घातलं, नट आवळला. ओढून बघितलं, केबल हलली नाही. पहिला झाल्यावर पुढचे सतरा पटापट झाले. साहेबांना सांगितलं का? हो, चालता चालता सांगितलं. ते म्हणाले, "चालेल ना?" आणि मी म्हटलं, "चालेल." अण्णा परत आले तेव्हा मशीन चाकणला पोचलं होतं. मी त्यांना काही बोलले नाही. पुढच्या मशीनला मात्र मी न सांगता बरोबर मापाचे कनेक्टर आठवडाभर आधी मागवून ठेवले. म्हणजे मला ठाऊक होतं.

ऑगस्टच्या शेवटी चाकणहून फोन आला. मशीन बंद. 'क्लॅम्प झाला नाही' असा अलार्म येतो आणि जात नाही. मी गेले. क्लॅम्प झाला होता, डोळ्यांना दिसत होता. प्रॉक्सीचा दिवाच मेलेला. कनेक्टर सोडवला तर आतून पाणी टपकलं, दूधट पांढरं. मागचा नट उघडला. टेपचा डिंक तेलाने विरघळून काळी लापशी झाली होती, वेढे एकमेकांवरून घसरले होते, आणि केबल सीलमधून सहज पुढेमागे होत होती. मशीन चालताना सगळं गरम होतं, थांबलं की थंड होतं. आतली हवा आकसते आणि जी फट असेल तिथून बाहेरचं ओलं आत ओढून घेते. रोज एक घोट. एक नंबरच्या पिनेवर कायम २४ व्होल्ट, तीनवर शून्य, आणि मध्ये कूलंट. बॅटरीतला खेळच तो, फक्त उलटा. अधिक बाजूचा धातू विरघळत जातो. एक नंबरची पिन जवळजवळ उरलीच नव्हती. खणातला कनेक्टर तोच.

बदलायला वीस मिनिटं लागली. सर्व्हिस रिपोर्टवर मी लिहिलं: 'कूलंट शिरल्याने सेन्सरचा कनेक्टर खराब, बदलला.' एकही शब्द खोटा नव्हता. सुपरवायझरने सही केली आणि सहज म्हणाला, "म्हणजे हे तेव्हापासूनचं असणार. आम्ही उगाच त्या पोराला ब्रेक दिला."

कोणत्या पोराला?

मशीनवर ठेकेदाराचा एक ऑपरेटर होता, परभणीकडचा, विशी-बाविशीचा. कॉन्ट्रॅक्टवाल्यांच्या वाट्याला रात्रपाळ्या जास्त येतात, तशा त्याच्याही आल्या. जुलैपासून रात्रीच्या जेवणाच्या सुट्टीनंतर मशीन सुरू करायला जावं की 'क्लॅम्प झाला नाही'. कधी दहा मिनिटं, कधी तासभर. दिवसाही होत होतं, पण दिवसा मेंटेनन्सची माणसं हाताशी असत. कोणीतरी येऊन केबल हलवायचं, दिवा लागायचा, काम पुढे. त्याची नोंद कोण करतं? रात्री मेंटेनन्सला एकच माणूस, तोही दुसऱ्या टोकाला. म्हणून वहीत सगळे खोळंबे तिसऱ्या शिफ्टचे आणि सगळे त्याच्या नावावर. तो सांगत होता की मी पार्ट नीटच बसवतो, मशीन आपोआप थांबतं. सकाळी बघावं तर मशीन चालू. मग तो झोपत असणार, मुद्दाम थांबवत असणार असं ठरलं. दोनदा ताकीद, आणि ऑगस्टच्या मध्यावर ठेकेदाराला सांगितलं, याला पाठवू नका.

भोसरीला परतताना बसमध्ये मी हिशेब करत होते. सीलच्या मापातला फरक दोन मिलिमीटरचा होता.

साहेबांना सगळं सांगितलं. टेपसकट. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले की रिपोर्ट गेला ना, मग झालं. ऑपरेटरचं काय करायचं ते त्यांच्या कंपनीने ठरवलं, त्यात आपण कुठे? आणि तू लिहून दिलंस तर अठराच्या अठरा वॉरंटीत बदलावे लागतील, तेही त्यांची लाइन थांबवून. हे सगळं त्यांच्या जागी बरोबरच होतं. वाईट माणूस नव्हता तो. मला हायसं वाटलं, हेही सांगून टाकते.

त्या पोराचा नंबर मला गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर मिळाला, पुढच्या खेपेला. मागितला का, ते आजही नीट सांगता येणार नाही. रात्री फोन केला. मी कोण, ते सांगितलं. कनेक्टर, टेप, कूलंट असं काहीबाही बोलत गेले. तो मधे एकदाही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मी खरं सांगत होतो."

"हो."

"तुम्ही हे त्यांना सांगितलं का, मॅडम?"

मी म्हटलं, सुपरवायझरला माहीत आहे. तो म्हणाला, माहीत असून काय उपयोग, ठेकेदाराच्या दुसऱ्या कंपन्यांतही त्याचं नाव 'झोपणारा' म्हणून लागलंय. सध्या एका गोडाऊनला पॅकिंगला जातो, दिवसाच्या हजेरीवर. "लिहून द्याल का?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता. दुकानात पावती मागावी तसं विचारलं.

हो म्हटलं, आणि अकरा दिवस लिहिलं नाही.

त्या अकरा दिवसांचं समर्थन माझ्याकडे नाही. घरचा हप्ता होता, इन्क्रिमेंट जवळ आलं होतं, ही कारणं सगळ्यांकडेच असतात. बाराव्या दिवशी मी अण्णांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते टेपवरून बोलतील. त्यांनी विचारलं, "किती कनेक्टर?" मी म्हटलं, अठरा, एक बदलला. "मग सतरा आत आहेत अजून," ते म्हणाले, आणि उठून हात धुवायला गेले.

त्या संध्याकाळी मी साध्या कागदावर लिहिलं. कंपनीचं लेटरहेड नाही. मशीनचा क्रमांक, तारीख, केबलची जाडी, सीलचं माप, टेप. जुलैपासूनचे खोळंबे या दोषामुळे होऊ शकतात, ऑपरेटरच्या कामाशी त्यांचा संबंध मला दिसला नाही. खाली नाव आणि सही. एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली, एक चाकणला मेंटेनन्सच्या आणि एचआरच्या साहेबांना पाठवली, आणि फोटो काढून त्याला. दोन निळ्या खुणा उमटल्या. अर्ध्या तासाने आलं, 'ओके मॅडम.'

तो चाकणच्या त्या कारखान्यात परत गेला नाही. परत बोलावलं की नाही, मला कळलं नाही. दिवाळीच्या सुमारास त्याचा एक मेसेज आला, रांजणगावला एका कंपनीत लागलो, तिथे तुमचा कागद दाखवला होता. कागदाने काही झालं, की तिथे माणसं हवीच होती, हे त्याने लिहिलं नव्हतं. मीही विचारलं नाही. माझं इन्क्रिमेंट त्या वर्षी झालं नाही. साहेब दोन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलले, मग हळूहळू पूर्वीसारखे झाले.

उरलेले सतरा बदलायला सप्टेंबरातला एक रविवार मिळाला. लाइन बंद, बाहेर पाऊस. अण्णा स्वतःहून आले, रविवारचा भत्ता न मागता. पिशवीतून त्यांनी आधी व्हर्नियर काढला आणि माझ्या हातात दिला. मी केबल मोजली. ४.७. त्यांनी ४ ते ६ चं पाकीट फोडलं.

मग आम्ही एकेक उघडत गेलो. सोडवायचा, टेप सोलून काढायची, तार चांगल्या तांब्यापर्यंत मागे कापायची, कारण ओल तारेच्या केसांमधून आतवर चढत जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. दोन ठिकाणी बोटभर कापूनही तांबं काळंच निघालं, तिथे नवी केबल ओवावी लागली. सतरापैकी सहा आतून ओले होते. तीन नुसते दमट. बाकीच्या आठांना काहीही झालेलं नव्हतं. शेवटचा तर इतका कोरडा की टेप सोलताना नवीन असल्यासारखी चरचरली. पिना लखलखीत.

"हा टिकला असता," मी म्हटलं.

अण्णांनी तो हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि बाकीच्या सोळांबरोबर पिशवीत टाकला. मग म्हणाले, आता दिवा बघ. मी सेन्सरपुढे स्पॅनर धरला. दिवा लागला. पुढच्या सेन्सरकडे गेलो.